कागदी घोड्यांना सरकारे का घाबरतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनानिमित्त आपण लिहिलेला अग्रलेख वाचला. आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायदा म्हणजे नुसते नाचवलेले कागदी घोडे, असा त्याचा सूर आहे. या कायद्याला पोलीस नाहीत, तुरुंग नाहीत, सह्या करणारे देशच सर्रास छळ करतात आणि जीनिव्हातल्या समित्या ‘तीव्र चिंता’ व्यक्त करून उठतात. यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य खरे आहे. निष्कर्ष मात्र पटला नाही, म्हणून हे लांबलेले पत्र.

मी मानवी हक्कांचा अभ्यासक नाही. दिवाणी न्यायालयात वकिली केली, आता काळा कोट खुंटीला लावला आहे. पण कागद हाच माझा धंदा होता. एखाद्या दस्ताची किंमत तो किती जाड आहे यावर ठरत नाही. तो निशाणी, म्हणजे पुरावा, म्हणून दाखल होऊ नये यासाठी समोरचा पक्षकार किती धडपडतो, त्यावरून ती कळते. तीच कसोटी इथे लावून पाहू.

उत्तर कोरियाचे उदाहरण घ्या. नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात हा देश १९८१ मध्ये सामील झाला. त्या कराराने तिथल्या कैद्याच्या ताटात काही पडले, असे कोणी म्हणणार नाही. तरीही ऑगस्ट १९९७ मध्ये त्या सरकारने आपण करारातून बाहेर पडत असल्याचे संयुक्त राष्ट्रांना कळवले. करारात बाहेर पडण्याचे कलमच नाही, बाकी सर्व सदस्य देशांची संमती असल्याखेरीज तसे करता येणार नाही, असे उत्तर त्यांना मिळाले. त्याच वर्षी या करारावर देखरेख करणाऱ्या १८ तज्ज्ञांच्या मानवी हक्क समितीने आपले मत लिहून ठेवले: हे हक्क त्या भूमीवरच्या लोकांचे आहेत, सरकारे बदलली तरी ते त्यांच्याकडून काढून घेता येत नाहीत. पुढे २००० मध्ये त्याच उत्तर कोरियाने समितीला आपला अहवाल सादर केला. जगातल्या सर्वांत बंदिस्त राजवटीला एका निर्जीव कागदातून सुटायचे होते आणि सुटता आले नाही, एवढेच मला नोंदवायचे आहे.

कॅरिबियन देशांची गोष्ट याहून बोलकी आहे. १९९३ मध्ये जमैकाचे शेवटचे अपील न्यायालय असलेल्या लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने जमैकाच्या दोन कैद्यांच्या प्रकरणात निकाल दिला, की फाशीच्या कोठडीत पाच वर्षांहून अधिक काळ टांगणीला लावलेल्या माणसाला फाशी देणे म्हणजे अमानुष वागणूक समजावी लागेल. कैदी आपले गाऱ्हाणे आंतरराष्ट्रीय समित्यांकडेही नेऊ लागले. तिथे वेळ जाणार, आणि पाच वर्षांचे घड्याळ तर चालूच. मग जमैकाने १९९७ मध्ये वैयक्तिक तक्रारीची परवानगी देणाऱ्या ऐच्छिक प्रोटोकॉलमधूनच अंग काढून घेतले. त्रिनिदाद आणि टोबॅगोने १९९८ मध्ये अमेरिका खंडाचा मानवी हक्क करार सोडला आणि २००० मध्ये ऐच्छिक प्रोटोकॉलही. आफ्रिकेतही हेच. अरुशाच्या आफ्रिकी मानवी हक्क न्यायालयात नागरिकाला थेट दाद मागू देणारी घोषणा रवांडाने २०१६ मध्ये मागे घेतली. टांझानियाने २०१९ मध्ये तेच केले. ते न्यायालय ज्या देशाच्या भूमीवर उभे आहे तोच हा देश! २०२० मध्ये बेनिन आणि कोत दिव्हुआर त्यांच्या मागे गेले. जे चालतच नाही ते बंद करण्याची एवढी घाई कोण करतो?

ही भीती नेमकी कशाची, हे समजायला आपल्याकडचेच एक प्रकरण पुरे आहे. १ डिसेंबर १९८७ रोजी ओडिशात पोलिसांनी २२ वर्षांच्या सुमन बेहेराला घरातून नेले. दुसऱ्या दिवशी त्याचा मृतदेह रेल्वेमार्गावर मिळाला. तो कोठडीतून पळाला आणि गाडीखाली आला, असे पोलिसांचे म्हणणे. त्याच्या आईने, नीलाबती बेहेरा यांनी, सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले आणि न्यायालयाने ते पत्रच याचिका म्हणून दाखल करून घेतले. १९९३ मध्ये निकाल लागला. पळून गेल्याची कहाणी न्यायालयाने फेटाळली आणि दीड लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. आता गंमत अशी, की भारत १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांच्या करारात सामील झाला तेव्हाच सरकारने कलम ९(५) वर हरकत नोंदवून ठेवली होती. बेकायदा अटकेला बळी पडलेल्याला भरपाई मागण्याचा हक्क हे कलम देते. असा हक्क आमच्या कायद्यात नाही, असे सरकारचे म्हणणे. ती फट सरकारने स्वतःच्या हाताने ठेवलेली. तरी न्यायमूर्तींनी तेच कलम समोर ठेवले आणि राज्यघटनेतील मूलभूत हक्क भंगला असताना भरपाई देता येते, हे त्याच्या आधाराने पक्के केले. पुढे १९९६ मध्ये डी. के. बसू प्रकरणात त्याच न्यायालयाने सांगितले, की या हरकतीला आता अर्थ उरलेला नाही.

म्हणजे काय झाले? संयुक्त राष्ट्रांनी कोणाला पकडले नाही, कोणी शिपाई धाडला नाही. एका आईचे पत्र, एक न्यायालय आणि त्या न्यायालयाच्या हाताशी असलेला एक करार एवढाच सगळा ऐवज. यातली पहिली दोन माणसे नसती तर तिसरा कागद फाइलीतच राहिला असता, हे कबूल. पण तो नसता तर भरपाई नाकारण्याची सरकारची बाजू कितीतरी सोपी झाली असती.

आता माझ्या धंद्यातले सांगतो. दिवाणी वकिलाचा आंतरराष्ट्रीय कायद्याशी संबंध काय, असे विचारणारे सहकारी मला बार रूममध्ये बरेच भेटले. पैशाच्या वसुलीचा हुकूमनामा झाला आणि ऋणकोने रक्कम भरली नाही की हुकूमनामाधारक दरखास्त, म्हणजे हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज, दाखल करतो. मालमत्ता सापडली तर जप्ती. सापडली नाही तर ऋणकोला अटक करून दिवाणी कैदेत ठेवा, असा अर्ज. एका प्रकरणात माझा पक्षकार मूळ कर्जदारही नव्हता. दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहिला, कर्जदार परागंदा झाला आणि वसुली याच्या मानेवर बसली. मिळकत नाही, अंगावर आजारी माणूस, आणि अटकेच्या अर्जावर ‘कारणे दाखवा’ नोटीस हातात. पलीकडचे वकील उभे राहून म्हणाले, हुकूमनाम्याला बरीच वर्षे झाली, एक रुपया भरलेला नाही, आणखी काय पुरावा हवा?

मी वाचून दाखवला तो जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. ४ फेब्रुवारी १९८०, न्या. कृष्ण अय्यर. केवळ कराराची जबाबदारी पार पाडता येत नाही म्हणून कोणालाही तुरुंगात टाकता येणार नाही, असे त्याच नागरी व राजकीय हक्कांच्या कराराचे कलम ११ सांगते. भारत त्या करारात सामील होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते. संसदेने कायदा केल्याशिवाय करार आपोआप इथला कायदा होत नाही, हे न्या. अय्यर यांनी स्पष्ट लिहिले. पण त्याच दमात म्हटले, की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५१ चा अर्थ त्या कराराशी जुळेल असाच लावायचा. पैसे दिले नाहीत एवढ्याने भागत नाही. देण्याची ऐपत असून बुद्ध्या टाळाटाळ केली, लबाडी केली, हे दाखवावे लागेल. आमच्या न्यायाधीशांनी चष्मा वर करून विचारले, ‘वकीलसाहेब, हा न्यूयॉर्कचा करार आमच्या दरखास्तीत कुठून आला?’ मी म्हटले, ‘साहेब, दिल्लीमार्गे आला.’ कोर्टात हशा पिकला, पण ऐपतीचा पुरावा द्या असा आदेश पलीकडच्या पक्षाला झाला. तो त्यांना देता आला नाही आणि अटकेचा अर्ज नामंजूर झाला. माझा पक्षकार घरी गेला. ‘आंतरराष्ट्रीय मानवी हक्क कायदा’ हे शब्द त्याने ना तेव्हा ऐकले होते, ना नंतर. अशा निकालांच्या बातम्या होत नाहीत. न झालेल्या अटकेचे छायाचित्र कसे काढणार?

म्हणून ‘संयुक्त राष्ट्रे कोणाला शिक्षा करतात?’ हा आपल्या अग्रलेखातला प्रश्न मला चुकीच्या दारात उभा राहून विचारलेला वाटतो. ‘हा करार कोणाला, कुठल्या टेबलावर दाखल करता येतो?’ असे विचारावे. ऑस्ट्रेलियाने वैयक्तिक तक्रारीचा ऐच्छिक प्रोटोकॉल स्वीकारला, तो २५ डिसेंबर १९९१ रोजी तिथे लागू झाला. टास्मानियातल्या निकोलस टूनेन यांच्या तक्रारीवर तारीख पडली आहे ती नेमकी त्याच दिवसाची. पुरुषांमधील संमतीच्या संबंधांना तिथला कायदा गुन्हा मानत होता. १९९४ मध्ये समितीने सांगितले, की हा खासगी आयुष्यावरचा घाला आहे. समितीच्या मताला हुकूमनाम्याची ताकद नाही आणि टास्मानिया ऐकायला तयार नव्हते. पण केंद्र सरकारने त्याच वर्षी त्या मताच्या आधारे कायदा केला, प्रकरण तिथल्या उच्च न्यायालयात गेले आणि १९९७ मध्ये टास्मानियाने मुकाट्याने ती कलमे रद्द केली. बोत्सवानात युनिटी डाऊ या वकील बाईंनी तर समितीकडेही धाव घेतली नाही. त्यांचे पती अमेरिकी; लग्नाआधी झालेले मूल बोत्सवानाचे नागरिक आणि लग्नानंतरची मुले परदेशी, कारण कायद्यात नागरिकत्व बापाकडून चालायचे. देशाच्याच अपील न्यायालयाने १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय दस्तांचा आधार घेऊन त्यांच्या बाजूने निकाल दिला. १९९५ मध्ये कायदा बदलला. पुढे त्या बोत्सवानाच्या उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या स्त्रियांच्या लैंगिक छळाबाबतच्या आपल्याकडच्या १९९७ च्या विशाखा निकालाबद्दल वाचकांना सांगायला नकोच. स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाच्या कराराने संसदेने कायदा करेपर्यंतची १६ वर्षांची पोकळी भरून काढली.

उलट बाजू लपवणार नाही. सीरिया २००४ मध्ये छळविरोधी करारात सामील झाला आणि त्यानंतरच्या काळात सैदनाया तुरुंगात काय चालले ते जगाला ठाऊक आहे. सौदी अरेबियाने स्त्रियांचा करार २००० मध्ये स्वीकारला, तो इस्लामी कायद्याशी विसंगत असेल तेवढा भाग सोडून; बायकांना गाडी चालवण्याची परवानगी मिळाली २०१८ मध्ये, तीही राजाच्या मर्जीने. अमेरिकी अभ्यासक ऊना हॅथवे यांनी २००२ मध्ये आकडेवारी तपासून असे मांडले, की करार मान्य केल्याने देशांचे वर्तन सुधारल्याचे दिसत नाही, काही ठिकाणी तर करार मान्य करणाऱ्यांचे वर्तन न करणाऱ्यांपेक्षा वाईट दिसते. आपला अग्रलेख इथेच थांबला असता. पण बेथ सिमन्स यांनी २००९ मध्ये तोच प्रश्न पुन्हा खणला. त्यांना आढळले, की जिथे न्यायालये थोडीफार स्वतंत्र आहेत आणि लोकांना संघटित होता येते, पण हक्क अजून पक्के झालेले नाहीत, अशा अधल्यामधल्या देशांत करारांचा फरक पडतो. पक्क्या हुकूमशाहीत तो पडत नाही, कारण दस्त दाखल करायला तिथे टेबलच नसते. मला कोर्टातल्या अनुभवावरून हे लगेच पटले.

उशीर हा मात्र या कायद्याचा खरा रोग आहे, आणि त्यावर माझ्याकडे बचाव नाही. चाडचा हुकूमशहा हिसेन हाब्रे १९९० मध्ये सेनेगलला पळाला. त्याच्या तुरुंगातून जिवंत सुटलेले एक हिशेबनीस, सुलेमान गेंगेंग, इतर पीडितांच्या जबान्या लिहून लपवून ठेवत राहिले. २००० मध्ये डाकारला पहिली तक्रार झाली. सेनेगलने छळविरोधी करार केव्हाच मान्य केला होता. त्यानुसार आरोपीवर खटला चालवा, नाहीतर चालवणाऱ्याच्या हवाली करा, असे बंधन होते. सेनेगलने दोन्ही टाळले. शेवटी बेल्जियमने सेनेगलला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि जुलै २०१२ मध्ये निकाल मिळवला. ३० मे २०१६ रोजी हाब्रेला जन्मठेप झाली. तोवर साक्षीदारांपैकी अनेक जण वारले होते. आमच्याकडे वाटपाचे दावे आजोबा लावतात आणि नातू निकाल घेतो, त्यामुळे मला या विलंबाचा धक्का बसला नाही. पण त्याचे समर्थनही करणार नाही.

श्रीमंत लोकशाह्यांना तरी हा कायदा आवडतो म्हणता? ब्रिटनने तिथे आश्रय मागणाऱ्यांना रवांडात पाठवण्याची योजना आखली. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यांच्याच सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ती बेकायदा ठरवली, कारण रवांडातून त्या लोकांना पुन्हा जिथून पळाले तिथेच ढकलले जाण्याचा खरा धोका होता. यावर सरकारने काय करावे? २०२४ मध्ये कायदाच केला, की रवांडा सुरक्षित आहे असे सर्वांनी मानायचे! वस्तुस्थिती कायद्याने ठरवण्याचा असा प्रयत्न मी माझ्या अशिलांकडूनही पाहिला नाही. काही महिन्यांत निवडणुका झाल्या, सरकार बदलले आणि योजना गुंडाळली गेली. आणि जाता जाता, आंतरराष्ट्रीय कायदा निरुपयोगी म्हणणाऱ्या आपल्यापैकी किती जणांनी १७ जुलै २०१९ रोजी कुलभूषण जाधव प्रकरणातल्या निकालावर टाळ्या वाजवल्या होत्या? तो करार वाणिज्य दूतांच्या संबंधांचा होता, मानवी हक्कांचा नव्हे, हे मला माहीत आहे. पण टाळी वाजवणाऱ्यांनी तेव्हा हेगच्या न्यायालयाचे पोलीस कुठे आहेत, असे विचारल्याचे आठवत नाही.

आता मुद्द्याची गोष्ट, जी अग्रलेखात यायला हवी होती. भारताने छळविरोधी करारावर १४ ऑक्टोबर १९९७ रोजी सही केली. सही म्हणजे साखरपुडा. लग्न, म्हणजे अनुसमर्थन, आजतागायत लागलेले नाही. २०१० मध्ये छळ प्रतिबंधक विधेयक लोकसभेत मंजूर झाले, राज्यसभेत प्रवर समितीकडे गेले आणि लोकसभेच्या मुदतीबरोबर संपले. विधी आयोगाने २०१७ मध्ये २७३ व्या अहवालात अनुसमर्थन करा असे सांगितले आणि विधेयकाचा मसुदाही दिला. तो अहवाल फडताळात आहे. याची किंमत फक्त कोठडीतला माणूस मोजतो असे कोणाला वाटत असेल तर पुरुलियाचे प्रकरण पाहावे. १९९५ मध्ये विमानातून शस्त्रे टाकणाऱ्या किम डेव्हीला, म्हणजे नील्स होल्कला, आपण डेन्मार्ककडे मागत आहोत. २०११ मध्ये तिथल्या न्यायालयाने आणि २०२४ मध्ये पुन्हा दुसऱ्या न्यायालयाने त्याला आपल्या हवाली करायला नकार दिला. भारतात त्याचा छळ होण्याचा धोका आहे, हे कारण. छळाचा धोका असेल तिथे आरोपीला पाठवायचे नाही, हा नियम स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८९ मध्ये सोअरिंग प्रकरणात घालून दिला, आणि त्या खटल्यात आरोपीला मागणारा देश होता अमेरिका. राष्ट्रीय सुरक्षेची भाषा बोलणाऱ्यांनी तरी हे अनुसमर्थन मागायला हवे. जे करार आपण पाळत नाही त्यांचाही परिणाम आपल्यावर होत असतो, तो असा.

वैयक्तिक तक्रारीचा ऐच्छिक प्रोटोकॉलही आपण स्वीकारलेला नाही. म्हणजे टूनेन यांनी जे केले ते भारतीय नागरिकाला करता येत नाही. उरतो तो अहवालाचा मार्ग. नागरी व राजकीय हक्कांच्या करारावर भारताची झाडाझडती १९९७ नंतर थेट जुलै २०२४ मध्ये झाली. समितीने प्रश्न विचारले, आपल्या शिष्टमंडळाने उत्तरे दिली, समितीने निरीक्षणे प्रसिद्ध केली. ती इंग्रजीत आहेत, खुली आहेत आणि कोणालाही वाचता येतात. ‘तीव्र चिंता’ हे शब्द त्यांत असतीलच; त्यांच्यावर हसण्याआधी ती मराठीत आणा. आपल्या रविवारच्या पुरवणीचे एक पान द्या. प्रत्येक निरीक्षणापुढे ज्या खात्याशी ते संबंधित आहे त्या खात्याचे नाव छापा, आणि महिन्याभराने त्या खात्याला उत्तर विचारायला आपला वार्ताहर पाठवा. भाषांतराला कायद्याची जाण असलेला माणूस लागेल. माझा वेळ सध्या मोकळाच आहे, मानधन नको.

आपला,
एक निवृत्त दिवाणी वकील